डॉट गोवा कोणाला मिळणार? इंटरनेटवरच्या नावांचे नियम ठरतात कसे

'डॉट कॉम' असतं तसं 'डॉट गोवा' आम्हाला द्या, असा अर्ज उद्या एखाद्या कंपनीने केला तर तो मंजूर करायचा की नाही हे कोण ठरवेल? पर्वरीचं सचिवालय? दिल्लीतलं मंत्रालय? अमेरिकेचं सरकार? की ज्याच्याकडे पैसे जास्त तो? असा अर्ज अजून कल्पनेतला असला तरी त्यासाठीचा नियम मात्र खराखुरा आहे. तो नियम कोणा एका अधिकाऱ्याने लिहिलेला नाही. लिहिला जात होता तेव्हा जगातल्या कोणालाही त्यावर हरकत घेता येत होती. गोव्यात ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे आणि याची मला मनापासून खंत वाटते. जमिनीच्या आराखड्यावर, नदीच्या पाण्यावर, राजभाषेवर बोलायला आपण कधी मागे राहिलो नाही. इंटरनेटवरची आपली जागा ज्या नियमांनी ठरते, त्या नियमांबाबतही आपण तेवढेच जागरूक असायला हवं.

आधी अगदी थोडक्यात मूळ व्यवस्था. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, पण माणसाला ते आकडे लक्षात राहत नाहीत. म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था आखली. तिला डीएनएस म्हणतात. वेबसाइटचं नाव समजून घ्यायचं तर ते शेवटाकडून वाचायचं. 'गोवा डॉट गव्ह डॉट इन' या सरकारी पत्त्यात शेवटचं 'इन' भारताचं, त्याच्या आधीचं 'गव्ह' सरकारी खात्यांचं आणि 'गोवा' आपल्या राज्याचं. शेवटच्या जागी काय काय येऊ शकतं, याची साऱ्या जगासाठी एकच यादी आहे. पत्ता म्हापशात टाइप करा नाहीतर लिस्बनमध्ये, तो एकाच ठिकाणी पोचतो, कारण यादी एकच आहे. आणि ती एकच असल्यामुळे तिच्यात कोणी काय घालायचं यावरून भांडणं होतात.

सुरुवातीला ही यादी कॅलिफोर्नियातले एक संशोधक, जॉन पोस्टेल, सांभाळत. ओळखीपाळखीची माणसं आणि मोजकी विद्यापीठं होती तोवर ते भागलं. नावांची किंमत कळू लागली, व्यापार आला, खटले आले, तसं एका माणसाच्या शब्दावर कारभार चालेना. सप्टेंबर १९९८मध्ये हे काम सांभाळण्यासाठी आयकॅन ही ना-नफा संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच महिन्यात पोस्टेल वारले. आयकॅनचं मुख्य कार्यालय लॉस एंजेलिसला आहे. या यादीच्या कामावर अमेरिकी सरकारचा करार आणि देखरेख पुढे अठरा वर्षं राहिली आणि १ ऑक्टोबर २०१६ला संपली. त्यानंतरची आयकॅनची पहिली मोठी बैठक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हैदराबादला झाली.

अमेरिकेने हात काढल्यावर यादी संयुक्त राष्ट्रांकडे किंवा दुसऱ्या एखाद्या सरकारकडे गेली नाही. ज्यांच्यावर नियमांचा परिणाम होतो त्या सगळ्या घटकांनी मिळून नियम करायचे, ही पद्धत आधीपासून होती, ती पुढे चालू राहिली. फरक इतकाच की आता शेवटची जबाबदारीही याच घटकांवर आली. संचालक मंडळाचा निर्णय न पटल्यास ठराविक प्रक्रियेने सगळं मंडळ घरी पाठवण्याचा अधिकारसुद्धा त्यांना आहे.

हे घटक कोण

आयकॅनमध्ये नियम करणारे गट वेगळे आणि सल्ला देणारे गट वेगळे. डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारख्या सर्वसाधारण नावांचे नियम जीएनएसओ या गटात तयार होतात. नावांची मूळ वही सांभाळणाऱ्या रजिस्ट्री, आपल्याला नाव विकणारे रजिस्ट्रार, इतर व्यापारी आणि बिगर-व्यापारी मंडळी असे चार भाग तिथे समोरासमोर बसतात. डॉट इनसारखी देशांची नावं चालवणाऱ्यांचा गट निराळा आणि आकडी पत्त्यांचा त्याहून निराळा. सरकारांची सल्लागार समिती आहे, तिला सगळे 'गॅक' म्हणतात. सुरक्षातज्ज्ञांची एक समिती आहे. आणि तुमच्याआमच्यासारख्या साध्या वापरकर्त्यांसाठी 'अ‍ॅट-लार्ज' नावाची व्यवस्था आहे. संचालक मंडळावर मत देणारे १६ जण असतात आणि त्यांतला एक या साध्या वापरकर्त्यांच्या बाजूने निवडून जातो. सोळांत एक ही जागा मला फार कमी वाटते. पण ती आहे, आणि तिच्यामागे उभे राहणारे लोक भारतातूनही जातात.

नियम एकदम होत नाही. आधी प्रश्नाचा अहवाल निघतो. मग कार्यगट बसतो, त्यात कोणीही सामील होऊ शकतं. कार्यगट पहिला मसुदा काढतो, त्यावर साधारण ४० दिवस हरकती व सूचना मागवल्या जातात, मग अंतिम अहवाल होतो. कार्यगटात हात वर करून मतं मोजत नाहीत. अध्यक्ष प्रत्येक शिफारशीवर किती एकमत झालं याचा अंदाज घेऊन तशी नोंद करतात. सगळे राजी, बहुतेक राजी, पाठिंबा भरपूर पण विरोधही मोठा, किंवा मतंच जुळली नाहीत. तिथून अहवाल जीएनएसओच्या परिषदेकडे आणि शेवटी संचालक मंडळाकडे जातो. परिषदेने मोठ्या बहुमताने मंजूर केलेली शिफारस मंडळाला नाकारायची असेल तर दोन तृतीयांशांहून जास्त संचालक विरोधात जावे लागतात. मंडळ म्हणजे सर्वेसर्वा नव्हे, ते इथे दिसतं.

वेळ मात्र लागतो. शेवटच्या जागी नवी नावं द्यायची एक फेरी २०१२मध्ये झाली, तेव्हा १,९३० अर्ज आले. एका अर्जाची फी १,८५,००० डॉलर होती. त्या फेरीतून काय शिकलो आणि पुढची कशी करायची, यावर कार्यगट २०१६ ते २०२१ अशी पाच वर्षं बसला. २०२६च्या फेरीसाठी फी २,२७,००० डॉलर ठरली, म्हणजे जवळपास दोन कोटी रुपये. लहान संस्थांना ७५ ते ८५ टक्के सवलत द्यायची सोय झाली आहे. ती टिकावी म्हणून गरीब देशांतल्या प्रतिनिधींनी आणि बिगर-व्यापारी गटांनी बराच जोर लावला.

मसुदा आणि हरकती म्हटलं की गोव्यात प्रत्येकाला आपली ग्रामसभा आठवेल. रविवारी सकाळी उभं राहून बोलता येतं, बोललेलं इतिवृत्तात येतं, पण जो सभेला जातच नाही त्याच्या नावावर ठराव होऊन जातो. आयकॅनमध्येही तसंच होतं, फक्त सभेला येणाऱ्यांपैकी बरेच जण पगारी असतात. मोठ्या रजिस्ट्रीचा माणूस दर आठवड्याच्या कॉलवर हजर असतो, कारण ती त्याची नोकरीच आहे. काणकोणातला शिक्षक रात्री दहा वाजता त्याच कॉलवर बसतो, तो स्वतःच्या झोपेतून वेळ काढून.

डॉट गोवाचं उत्तर

२०१२च्या नियमपुस्तिकेत भूगोलाच्या नावांसाठी वेगळं प्रकरण होतं. देशांची नावं कोणालाच मिळत नाहीत. देशांच्या दोन अक्षरी खुणा एका आंतरराष्ट्रीय मानकातून येतात, त्या राखीव आहेत. आपल्या गाड्यांच्या पाटीवरचं 'जीए' त्यामुळे इंटरनेटवर आफ्रिकेतल्या गॅबनचं आहे, आणि त्यावर आपल्याला काही म्हणता येत नाही. राज्यं आणि प्रांतांची नावं त्याच मानकाच्या दुसऱ्या भागात आहेत. त्या यादीतल्या नावाशी तंतोतंत जुळणारं नाव मागितलं, तर संबंधित सरकारचं पाठिंब्याचं किंवा निदान हरकत नसल्याचं पत्र जोडावं लागतं. गोवा त्या यादीत आहे. म्हणजे रोमन अक्षरांतलं 'गोवा' सरकारी पत्राशिवाय कोणाला मिळू शकत नाही.

पणजीचं गणित वेगळं आहे. ती देशाची राजधानी नाही, म्हणून शहरांसाठीचा सैल नियम लागतो. अर्जदार हे नाव प्रामुख्याने शहराच्या कामासाठी वापरणार असेल, तरच पत्र लागतं.

आता बारकाई पाहा. देशांच्या राजधान्यांची नावं कोणत्याही भाषेत लिहिली तरी त्यांना संरक्षण आहे. राज्यांच्या बाबतीत मात्र यादीत छापलेलं नावच धरलं जातं, आणि भारतातल्या राज्यांची नावं त्या यादीत रोमन अक्षरांत आहेत. नियमाचे शब्द जसेच्या तसे वाचले तर देवनागरीतलं 'गोवा' किंवा 'गोंय' त्यात बसत नाही. त्या नावासाठी कोणी अर्ज केला, तर पत्राची अट लागू होणार नाही. मग अर्ज आल्यावर हरकत घ्यायची, उदाहरणार्थ भारत सरकारने गॅकमध्ये, एवढंच हाती उरतं. भूगोलाच्या नावांवर पुढे एक खास उपगट बसला. सरकारं, देशांच्या रजिस्ट्री, जीएनएसओ आणि साधे वापरकर्ते अशा चारही बाजूंचे चार सहनेते त्याला होते. खूप चर्चा करून त्याने मूळ चौकट बहुतांशी तशीच ठेवायची शिफारस केली. देवनागरी, कन्नड, तमिळ लिपींत राहणाऱ्या कोट्यवधी लोकांची राज्यं या नियमातून सुटतात, हा मुद्दा आपल्याकडून जायला हवा. तो आपल्याखेरीज दुसरं कोण कशाला मांडेल?

गॅकची हरकत किती चालते याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे 'डॉट अ‍ॅमेझॉन'. अ‍ॅमेझॉन कंपनीने ते नाव मागितलं. ब्राझील आणि पेरू म्हणाले, ही आमच्या नदीची आणि जंगलाची ओळख आहे. २०१३मध्ये डरबनच्या बैठकीत गॅकने अर्ज पुढे नेऊ नये असा सल्ला दिला आणि २०१४मध्ये मंडळाने तो मानला. कंपनी स्वतंत्र फेरतपासणीकडे गेली, २०१७मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. त्यानंतर तडजोडीच्या अनेक बैठका फसल्या आणि २०१९मध्ये मंडळाने अर्ज पुढे जाऊ दिला. त्याच डरबनच्या बैठकीत भारताने 'डॉट राम' आणि 'डॉट इंडियन्स' या दोन अर्जांबद्दल कळवलेली चिंता गॅकने नोंदवली. 'राम' मागणारी मोटार कंपनी होती, तिच्या एका गाडीच्या ब्रँडचं ते नाव. त्या शब्दाला भारतात काय अर्थ आहे, हे सांगणारं कोणीतरी खोलीत असल्याशिवाय अमेरिकेतल्या कार्यालयात ते कोणाच्या लक्षात येणार?

सरकारांना गॅकमध्ये विशेष वजन आहे. त्यांनी एकमताने दिलेला सल्ला मंडळाला धुडकावायचा असेल तर किमान ६० टक्के संचालकांचं मत लागतं. पण एक सरकार म्हणजे तिथली सगळी माणसं नव्हेत. गोव्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

खोट्या साइटचा प्रश्न

ज्यांचा धंदा पर्यटनावर आहे त्यांना ही चर्चा जवळून भिडते ती इथे. समजा, पाळोळ्याला एका बाईंचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. कोणीतरी त्याच नावात एक अक्षर बदलून डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेतो, त्यांचेच फोटो लावतो, आगाऊ पैसे घेतो, आणि ऐन डिसेंबरात एक कुटुंब बॅगा घेऊन दारात उभं राहतं. बाईंनी काय करायचं?

पैसे गेलेल्या पाहुण्यांनी लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवायचं. डोमेनचं काय, याचं उत्तर धोरणात आहे. २०१८च्या मे महिन्यापर्यंत डोमेन कोणी घेतलं, त्याचं नाव आणि पत्ता बहुधा उघड दिसत असे. युरोपचा खासगीपणाचा कायदा लागू झाला आणि ती माहिती झाकली गेली. पोलिस आणि ट्रेडमार्कवाले म्हणाले, चोर लपले. हक्कांसाठी झगडणारे म्हणाले, पत्रकार आणि एकट्या राहणाऱ्या बायका सुरक्षित झाल्या. दोघांचंही म्हणणं खरं आहे, म्हणूनच तो वाद अजून पूर्ण मिटलेला नाही.

दुसरा मार्ग यूडीआरपीचा. १९९९मध्ये मंजूर झालेला हा नियम कोर्टात न जाता डोमेनचा तंटा सोडवतो. तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव आपल्या ट्रेडमार्कसारखं आहे, समोरच्याला त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेऊन वापरलं आहे. जागतिक बौद्धिक संपदा संस्थेकडे एका पंचासमोर पाच डोमेनपर्यंतचा दावा लावायला १,५०० डॉलर लागतात. चार खोल्यांच्या होमस्टेला हे परवडणारं नाही, आणि ट्रेडमार्कची नोंद नसेल तर नावावरचा हक्क दाखवायलाच खूप कागद जमवावे लागतात. हा नियम मोठ्या ब्रँडना डोळ्यांसमोर ठेवून झाला, कारण तेव्हा टेबलावर तेच होते.

तिसरा मार्ग नवा आणि बाईंच्या जास्त उपयोगाचा. ५ एप्रिल २०२४पासून आयकॅनच्या करारांत बदल झाला. फिशिंग (सोंग घेऊन माहिती काढणं), मालवेअर (घातक सॉफ्टवेअर), बॉटनेट (चोरून ताब्यात घेतलेल्या संगणकांचं जाळं), फार्मिंग (खऱ्या साइटकडे जाणाऱ्याला नकळत खोट्या साइटवर वळवणं) आणि यांच्यासाठी वापरलं जाणारं स्पॅम, यांचा कारवाई करण्याजोगा पुरावा मिळाला तर रजिस्ट्रारने तातडीने पावलं उचलणं आता बंधनकारक आहे. त्याआधी नुसती तक्रार घेऊन चौकशी करायची जबाबदारी होती. तुमचं सोंग घेऊन लोकांची कार्डाची माहिती काढणारी साइट फिशिंगमध्ये बसते. मात्र कोणी मनाने रचलेल्या नावाने, अस्तित्वात नसलेल्या व्हिलाची साइट काढली, तर ती फसवणूक असूनही या व्याख्येबाहेर राहू शकते. साइटवर काय लिहिलंय यात पडायचं नाही, असं आयकॅनच्या घटनेतच आहे. मला ती मर्यादा योग्य वाटते. आज व्हिलाची खोटी जाहिरात काढायचा अधिकार दिला, तर उद्या खाणींवर लिहिणाऱ्याचा लेखही काढता येईल. पण व्याख्येची रेघ नक्की कुठे ओढायची, हे ठरवताना किनाऱ्यावरच्या धंदेवाल्यांचे अनुभव कोणी कागदावर मांडले तर ती रेघ अधिक शहाणपणाने ओढली जाईल.

आडवा र

ही पद्धत चांगली चालते तेव्हा काय होतं, याचं मला सर्वांत आवडतं उदाहरण आपल्याच लिपीतलं आहे. शेवटच्या जागी देवनागरी नाव द्यायचं तर कोणती अक्षरं चालतील याचे नियम हवेत. ते आयकॅनच्या कर्मचाऱ्यांनी लिहिले नाहीत. ब्राह्मीपासून आलेल्या लिपींसाठी एक स्वयंसेवी पॅनेल बसलं, त्यात भाषातज्ज्ञ होते, संगणकातले लोक होते. देवनागरीत मराठी, कोकणी, हिंदी, नेपाळी, बोडो अशा कितीतरी भाषा, आणि प्रत्येकीच्या सवयी वेगळ्या.

मराठीतला आडवा र घ्या. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे चोर्ला घाटात दिसतात त्या. दोन्ही शब्दांत र अर्धाच आहे, पण लिहिण्यात फरक आहे. संगणकावर हा आडवा र काढायचा एक जुना मार्ग म्हणजे मध्ये एक अदृश्य चिन्ह टाकणं. डोमेनच्या मुख्य यादीत अदृश्य चिन्हांना बंदी आहे, कारण डोळ्यांना हुबेहूब दिसणारी दोन नावं आतून वेगळी असली तर फसवणुकीला रान मोकळं. ही बंदी तशीच लागू केली असती तर 'दऱ्या', 'ऱ्हास' असे शब्द लिहायला मार्गच उरला नसता. पॅनेलने खालचा टिंब असलेला ऱ वापरून या जोडण्यांना जागा करून दिली. ट, ठ यांसारखी काही अक्षरं गुरमुखीतही जवळपास तशीच दिसतात, म्हणून एका लिपीतलं नाव दुसऱ्या लिपीतल्या नावाशी भिडू नये याचीही तजवीज केली. प्रस्तावावर हरकती मागवल्या गेल्या आणि २०१९मध्ये देवनागरीचे नियम मुख्य नियमावलीत आले. ज्यांना मराठी लिहिता येते अशी माणसं तिथे बसली नसती, तर हे कोणाच्या ध्यानातही आलं नसतं.

पण नियम झाला म्हणजे काम झालं असं नाही. 'डॉट भारत' देवनागरीत २७ ऑगस्ट २०१४ला सुरू झालं, मराठी आणि कोकणीसह आठ भाषांसाठी. आजही अनेक ऑनलाइन फॉर्ममध्ये देवनागरी ईमेल पत्ता टाका, तांबड्या अक्षरांत 'पत्ता चुकीचा' असं येतं. पत्ता बरोबर असतो, फॉर्म लिहिणाऱ्याने रोमनपलीकडे विचार केलेला नसतो.

दिल्लीचं टेबल वेगळं

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवायला हवी. डॉट इन आणि डॉट भारत यांचे आतले नियम आयकॅन ठरवत नाही. ते निक्सी ही संस्था केंद्र सरकारच्या छायेखाली ठरवते. बँकांसाठी 'बँक डॉट इन' आलं, ते रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने. फेब्रुवारी २०२५मध्ये घोषणा झाली आणि ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत बँकांना तिथे जायला सांगितलं. गावातल्या सहकारी बँकेच्या खातेदाराला खरी साइट ओळखता यावी हा हेतू चांगलाच आहे. तरी वरून आलेला आदेश आणि पाच वर्षांची चर्चा, या दोन टोकांतला फरक पाहण्यासारखा आहे. आदेश लवकर होतो. चर्चेत चुका आधी सापडतात.

चर्चाही नेहमी ऐकली जाते असं नाही. २०१९मध्ये डॉट ऑर्गच्या दरावरची मर्यादा काढायचा प्रस्ताव आला. तीन हजारांहून अधिक हरकती आल्या, जवळजवळ सगळ्या विरोधात. तरी मर्यादा काढली गेली. काही महिन्यांतच ती रजिस्ट्री १.१३५ अब्ज डॉलरना एका गुंतवणूक कंपनीला विकायची घोषणा झाली. जगभरातल्या सेवाभावी संस्था उठल्या, कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी पत्र लिहिलं, आणि ३० एप्रिल २०२०ला आयकॅनच्या मंडळाने विक्रीला संमती नाकारली. पहिल्या वेळी हजारो हरकतींनी जे झालं नाही ते दुसऱ्या वेळी झालं, कारण लोक फॉर्म भरून थांबले नाहीत. गोव्यातल्या कितीतरी लहान संस्था डॉट ऑर्गवर आहेत. त्यांचं वार्षिक बिल त्या दिवशी ठरत होतं.

सामील व्हायला पैसे लागत नाहीत. अ‍ॅट-लार्जमध्ये आशिया-पॅसिफिकची शाखा आहे आणि तिथे व्यक्ती म्हणूनही सदस्य होता येतं. वर्षातून तीन बैठका होतात, त्या घरबसल्या ऐकता येतात. नवख्यांना प्रवासखर्च देणारी फेलोशिप आहे. खरी अडचण भाषेची आहे. कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालतं, भाषांतर संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत होतं, त्यात भारतातली एकही नाही. म्हणून सुरुवात गटाने करावी असं मला वाटतं. एखादं वाचनालय, कॉलेजचा संगणक विभाग किंवा होमस्टे चालवणाऱ्यांची संघटना, यांनी मसुदा एकत्र बसून वाचावा, मराठी-कोकणीत भांडावं आणि इंग्रजीत एक पान पाठवावं. हरकत लांबलचक नसावी. कोणत्या क्रमांकाच्या शिफारशीबद्दल बोलतोय, आपल्यावर त्याचा परिणाम काय, आणि तिच्याऐवजी कोणते शब्द हवेत, एवढं पुरतं. मुदत संपल्यावर कोणी काय म्हटलं याचा अहवाल छापला जातो, आणि कार्यगट मसुद्याकडे वळतो तेव्हा ती हरकत त्याच्यासमोर असते.